पूर ओसरला तरी नळ कोरडाच: घरात पिण्याचं पाणी कसं साठवावं

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची हीच मापं ४० आणि ४५ फूट. पावसाळ्यात हे आकडे मोबाइलवर सतत फिरत असतात. ते बघून लोक गाड्या उंचावर लावतात, जनावरं हलवतात, फ्रिज टेबलावर चढवतात. पिण्याच्या पाण्याची आठवण मात्र नळ बंद पडल्यावर होते.

शहराला पाणी देणारं जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसणारी पंपांची विहीर, नदीकाठीच असतं. पाणी चढू लागलं की तिथली वीज बंद करावी लागते, मग पॅनेल आणि मोटारी बुडतात. पूर उतरल्यावर गाळ उपसायचा, मोटारी बाहेर काढून वाळवायच्या, वाइंडिंग तपासायचं, आणि मगच पंप चालू होतो. त्यामुळे रस्ते मोकळे झाले तरी नळाला पाणी नसतं. आणि ज्यांच्या दारात पुराचं पाणी आलंच नाही, त्या उंचावरच्या पेठांचे नळही तितकेच दिवस कोरडे राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीने हे दोनदा भोगलं. आपलं घर पूररेषेबाहेर आहे म्हणून साठा नको, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

साठा किती हवा? नुसतं पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. स्वयंपाक, दात घासणं आणि जेवणाआधी हात धुणं धरून पाच लिटर. चार माणसांच्या घराला दिवसाला २० लिटर, म्हणजे पाच दिवसांचे १०० लिटर. घरात तान्हं बाळ, अंगावर पाजणारी आई किंवा आजारी माणूस असेल तर वीसेक लिटर वाढवा. जुलाब लागले तर ओआरएसचं एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवावं लागतं, तेही याच साठ्यातून जाणार. संडासाला, भांड्यांना लागणारं पाणी यात धरलेलं नाही. ते बादल्या, टब, जुनी पिंपं, जे हाताशी असेल त्यात वेगळं भरा आणि पिण्याच्या कॅनशी त्याची गल्लत होऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साठवण्यासाठी आरओचं पाणी भरू नका, नळाचं भरा. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण आरओचं पाणी जास्त शुद्ध अशी समजूत आहे. ते पिताना शुद्ध असतं, पण साठवणीच्या कामाचं नसतं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. कॅनमध्ये, झाकणावर किंवा हाताला चुकून राहिलेले जंतू मारायला हेच क्लोरीन उपयोगी पडतं. आरओच्या मशीनमध्ये मेम्ब्रेनच्या, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्याच्या, आधी कार्बन फिल्टर असतो आणि तो हे क्लोरीन काढून टाकतो, नाहीतर मेम्ब्रेन खराब होतं. म्हणजे आरओचं पाणी कॅनमध्ये जातं तेव्हा त्याला कसलंच संरक्षण नसतं. तोटीतल्या बुळबुळीत थरातून चार जंतू आले तरी त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं. उकळून गार केलेल्या पाण्याचंही तसंच. ते चोवीस तासांत संपवायचं पाणी आहे, महिनोन्‌महिने ठेवायचं नव्हे. शिवाय वीज गेली की आरओ बंद, त्यामुळे मशीन आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी साठवणार असाल तर त्यात क्लोरीन आपणच घालायचं, त्याचं प्रमाण पुढे दिलंय.

भांडं कोणतं? घट्ट फिरकीचं झाकण असलेले, अरुंद तोंडाचे, खाद्यपदार्थांसाठीचे नवे कॅन घ्या. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा म्हणजे एचडीपीई, तो उत्तम. शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्याही नीट धुतल्या तर चालतात, त्यांच्यावर १ असतो. दुधाचे कॅन नकोत, कोपऱ्यात स्निग्धांश राहतो आणि जंतू तिथूनच सुरुवात करतात. बाजारात स्वस्तात मिळणारे निळे २०० लिटरचे जुने ड्रम तर अजिबात नकोत. त्यात आधी कोणतं रसायन होतं हे विकणारालाही माहीत नसतं आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन कितीही धुतलं तरी निघत नाही. आणि नवा ड्रम आणला तरी अडचण आहेच. भरलेला ड्रम २०० किलोंचा. पाणी उंबऱ्याशी आलं की तो कोण उचलणार? कॅन २० लिटरचा असला तरी जिन्यावरून नेताना दमछाक होते. आमचं मत स्पष्ट आहे: १० लिटरचे दहा कॅन. एका माणसाला उचलता येतात, एक फुटला किंवा खराब झाला तरी नऊ उरतात, आणि म्हाताऱ्या माणसालाही तो कलता करून तांब्या भरता येतो.

माठ आणि रांजण रोजच्या वापराला छान, साठ्याला नाहीत. ते पाझरतात आणि त्यांचं तोंड उघडं असतं. लग्नाकार्यात येणारे थंड पाण्याचे जार सीलबंद नसतात, तेही धरू नका. सीलबंद बाटल्या चालतील, बाळाच्या दुधासाठी तर त्या थोड्या ठेवाव्यातच, पण वरची तारीख बघून.

नवा कॅनही आधी धुवायचा. भांड्यांच्या साबणाने आतून खळबळून घ्या, साबणाचा वास जाईपर्यंत विसळा. मग जंतू मारण्यासाठी क्लोरीनचं द्रावण लागेल. ते टीसीएल पावडरीपासून, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीपासून, घरी करता येतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. वजनकाट्यावर ८ ग्रॅम पावडर मोजा, प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवा, पाणी घालून पाव लिटर करा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी चुना बसतो, वरची निवळ हळूच गडद रंगाच्या बाटलीत काढा. हे झालं साधारण एक टक्क्याचं द्रावण. पावडर हाताळताना खिडक्या उघड्या ठेवा, धातूचं भांडं किंवा चमचा वापरू नका आणि ती ॲसिडच्या किंवा फिनेलच्या जवळही नेऊ नका. पावडरीचे गठ्ठे झाले असतील, वास गेला असेल तर तिच्यात जोर उरलेला नाही, ती फेकून द्या. तयार द्रावणाचाही जोर ओसरतो, त्यामुळे ते आठवडाभरात संपवा.

या द्रावणाचे पाच चहाचे चमचे एक लिटर पाण्यात घालून ते कॅनमध्ये ओता, झाकण लावून कॅन सगळ्या बाजूंनी फिरवा आणि मिनिटभराने रिकामा करून स्वच्छ नळाच्या पाण्याने विसळा. झाकण वेगळं धुवा. झाकणाच्या आत एक रबराची किंवा फोमची चकती असते. ती नखाने उचलून पाहिली तर जुन्या कॅनमध्ये तिच्याखाली काळसर बुळबुळीत कडं दिसतं. कॅन चकाचक असूनही पाण्याला वास येतो तो बहुतेक वेळा इथूनच. चकती काढून घासा, नाही निघाली तर झाकण बदला. तोटीचे कॅन घेतले असतील तर साठवताना तोटी काढून तिथे बूच लावा. तोटीचा वॉशर महिनाभरात गळायला लागतो आणि आतल्या वळणात घाण धरते. वापरायला काढताना तोटी धुऊन बसवा.

भरताना सकाळी नळ आल्यावर पहिलं पाणी मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या. मोटर लावून टाकीत चढवलेलं नव्हे, थेट नळाचं पाणी घ्या. पाइप कॅनमध्ये खुपसू नका. पाइपाचं टोक कुठे कुठे लोळलेलं असतं. कॅन गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट करा आणि चिकटपट्टीवर तारीख लिहा. मृग लागायच्या आधी, म्हणजे मे अखेरीस, साठा भरला की पूर्ण पावसाळा निघतो. दिवाळीच्या साफसफाईत तो झाडांना घालून कॅन पुन्हा धुवायचे. सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. पाणी बेचव लागलं तर दोन भांड्यांत चार वेळा वरखाली ओता, हवा मिसळली की चव परतते.

जागा अंधारी आणि उंच हवी. उजेडात पाण्याला हिरवी झाक येते. रॉकेल, पेट्रोल, कीटकनाशक यांच्या शेजारी ठेवू नका, प्लास्टिकमधून त्यांची वाफ आत शिरते. माळ्यावर चारपाच कॅनच ठेवा, बाकीचे वरच्या मजल्यावर किंवा भक्कम कट्ट्यावर. मराठवाड्यात काही ठिकाणी नळ आठ-आठ दिवसांनी येतो म्हणून उघडी पिंपं भरलेली असतात, आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका तशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. फिरकीच्या झाकणाच्या कॅनला ही भीती नाही. पिंप ठेवणारच असाल तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा आणि आतल्या कडा घासा. अंडी पाण्याच्या रेषेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.

नदी इशारा पातळीकडे निघाली की गच्चीवरची टाकी भरून घ्या आणि तिला खालून पाणी पुरवणारा वॉल्व्ह बंद करा. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं आणि कुणी नेहमीप्रमाणे मोटर चालू केली, तर वरची चांगली टाकीही नासते. सोसायटीत हे काम कुणाचं, हे आधीच ठरवा आणि वॉल्व्हला चिठ्ठी लटकवा.

साठा संपला आणि टँकरचं पाणी मिळालं तर क्रम महत्त्वाचा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ठेवा, गाळ बसल्यावर वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात आधीच क्लोरीन टाकलं तर ते मातीच खाऊन टाकते आणि जंतू तसेच राहतात. तुरटी फक्त गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. २० लिटर निवळ पाण्याला एक टक्क्याचं द्रावण ४ मिली घाला, औषधाच्या बाटलीच्या मापाने मोजा. अर्धा तास झाकून ठेवा. नंतर क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. आला नाही तर तेवढंच पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका. आशाताईंकडून मिळणारी मेडिक्लोरची (द्रव क्लोरीनची) बाटली किंवा क्लोरिनच्या गोळ्या असतील तर आमचं प्रमाण विसरा, वेष्टनावरचं पाळा. प्रत्येक उत्पादनाचा जोर वेगळा असतो. गावात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी, करतात, त्यांच्याकडून पाणी तपासून घेता येतं.

उकळायचं असेल तर वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, आणि पुरात सिलिंडरही मोलाचा असतो. मात्र प्रत्यक्ष पुराचं पाणी उकळूनही पिऊ नका. त्यात मैला असतोच, शिवाय शेतातली औषधं, गॅरेजमधलं तेल, डिझेल असतं, आणि उकळल्याने ते जात नाही.

पाणी घेताना हात भांड्यात जाऊ देऊ नका. लांब दांड्याचं ओगराळं वापरा आणि ते वर टांगून ठेवा.

नळ परत सुरू झाला की पहिल्याच दिवशी साठा मोकळा करू नका. पाइपलाइन रिकामी असताना तिच्या गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पहिल्या पाण्याबरोबर तेच घरात येतं. नळ बराच वेळ सोडून द्या, पाणी स्वच्छ दिसलं तरी निदान तीनचार दिवस उकळून किंवा क्लोरीन घालून प्या, आणि पालिकेने पाणी पिण्यायोग्य असल्याचं जाहीर केल्यावरच कॅन धुऊन, तोंड खाली करून वाळवून पुन्हा भरा. पावसाळा संपलेला नसेल तर त्याच आठवड्यात.