हॅन्कॉकला फिनिश मंडळींचं नाटक पाहायला जाताना

आधी घड्याळाचं सांगते, कारण त्यापायी आमचा पहिला प्रवेश हुकला. शिकागोहून विस्कॉन्सिनमार्गे वर गेलं की मिशिगनमध्ये शिरल्यावरही काही काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) शिकागोचीच वेळ चालते. हॉटन काउंटी मात्र एक तास पुढे. सात-साडेसात तासांच्या रस्त्याचा हिशोब करताना हा तास धरायचा राहिला.

भाचा हॉटनला मिशिगन टेकमध्ये शिकतो. उचलता पूल ओलांडला की पलीकडे हॅन्कॉक. १८६०च्या दशकात इथल्या तांब्याच्या खाणींसाठी उत्तर नॉर्वेतून जे मजूर आणले, त्यांत फिनिश लोक होते. मग त्यांच्यामागून गावंच्या गावं आली. आजही रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत फिनिश नाव असतं.

जानेवारीच्या उत्तरार्धात इथे हेइकिनपैवा साजरा होतो. हा संत हेन्रीचा, फिनिशमध्ये हेइक्कीचा, दिवस, म्हणजे हिवाळ्याचा मध्य. गुहेतलं अस्वल या दिवशी कूस बदलतं, असं फिनिश लोक म्हणतात. मिरवणूक, बाजार, बर्फावरच्या घसरगाड्या असं सगळं असतं, पण मी गेले होते ती नाटकासाठी. फिनिश अमेरिकन हेरिटेज सेंटर हे पूर्वीचं कॅथलिक चर्च. प्रयोग तिथे होता आणि नट सगळे गावातलेच.

नाटक होतं एका 'पोइकातालो'चं. अविवाहित खाणकामगार राहायचे ती खानावळ. (गिरणगावातल्या खानावळींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.) मालकीणबाई कॉफी ओतते. एक म्हातारा कामगार ती बशीत घेतो, साखरेचा खडा दातांत धरतो आणि त्यातून कॉफी ओढतो. संवाद नाही, फक्त तो फुर्र आवाज. माझ्या शेजारच्या आजींनी नकळत स्वतःचे ओठ तसेच मुडपले. नाटक इंग्रजीत, मधूनमधून फिनिश शब्द. त्यातला एकेक शब्द आला की मागच्या रांगांतून कुणीतरी तो हळूच पुन्हा म्हणायचं. भाषा घरातून गेलेली असली तरी जिभेवर अजून जागा आहे तिला, हे मला तिथे बसून कळलं.

ही हौस आजची नाही. दारूबंदी मंडळं असोत की कामगारांचे हॉल, फिनिश लोकांनी जिथे इमारत उभी केली तिथे रंगमंच बांधला. दिवसभर खाणीत राबून रात्री तालीम करायची.

मध्यंतरात 'निसू' मिळाला. वेलची घातलेला गोडसर पाव. फिनलंडमध्ये आता त्याला बहुतेक ठिकाणी 'पुल्ला' म्हणतात, जुना शब्द इथे टिकलाय. तोडला की दिवाळीच्या डब्याचा वास! घरी न्यायला दोन घ्या, लवकर संपतो.

दुसऱ्या दिवशी कॅल्युमेटला जा, अर्ध्या तासाच्या आत पोचता. तिथलं थिएटर १९००चं, गावाने बांधलेलं. ते उघडं आहे का, याची आधी चौकशी करा. इटालियन हॉलची मात्र फक्त कमान उरलीय. २४ डिसेंबर १९१३ला संपकरी कामगारांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग नव्हतीच, पण जिन्यात ७३ जण चेंगरून मेले. बहुतेक मुलं, आणि त्यांत फिनिश घरांतलीच जास्त. नाटक पाहून आल्यावर त्या कमानीखाली मला फार वेळ उभं राहवेना.

राहण्याची सोय हॉटनला बरी, पण खोली महिनाभर आधी धरा. वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ पडणारा मुलूख आहे. गाडीला हिवाळी टायर हवेत, आणि अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं. शाकाहारी असाल तर खाणकामगारांची 'पॅस्टी' (सारण भरून भाजलेली मोठी करंजीच) घेताना आत काय आहे ते विचारा, सहसा गोमांस असतं. 'पन्नुकाक्कू' हा भाजलेला गोड प्रकार छान, पण त्यात अंडं असतंच. आणि प्रयोगाला वीस मिनिटं आधी जा. पुढच्या रांगेत बसलात तर कॉफीचा वास येतो, ती खरी असते.