लूमच्या बफरपासून लॅप टायमरपर्यंत : आमची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी सुरू केलं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल मशीन आणि दारात कायम कुणीतरी कारखानदार उभा, ज्याचा माग बंद पडलाय आणि ज्याला बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळी, आजच्या आज पाहिजे. साधे माग कमी होत गेले. काही कारखाने रॅपियरकडे, म्हणजे बिनशटलच्या मागाकडे, वळले, काहींनी कुलूप लावलं, आणि दारातली गर्दी ओसरली. आज या शेडमधून निघणारा निम्म्याहून जास्त माल मोबाइल घट्ट धरून ठेवण्याचा आहे. घेणारे लोक तो मोबाइल ट्रॅक डेला लॅप टायमर म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची (लॅपची) वेळ मोजायला, वापरतात.

सोलापुरात रेसिंगचा ट्रॅक नाही. कार्टिंगसाठी कोल्हापूर गाठावं लागतं, आणि मोटारसायकलसाठी चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टै किंवा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. नशीब इतकंच की मुंबई-चेन्नई रेल्वेलाइन आमच्या गावावरूनच जाते. रात्री गाडीत बसलं की झालं. मी इंजिनिअरिंग संपवून आप्पांच्या हाताखाली आलो आणि याच लाइनीनं चेन्नईच्या वाऱ्या सुरू झाल्या. आप्पांच्या भाषेत, “पोरगं पेट्रोल जाळायला परगावी जातंय.”

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपली गाडी न्यायची, गटागटानं पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर सोडतात. नंबर नाही, बक्षीस नाही. मग आपण सुधारतोय का, हे कळायला घड्याळाशिवाय दुसरं काही नाही. शर्यतीत गाडीला ट्रान्सपाँडर, म्हणजे स्वतःची ओळख सांगणारं छोटं रेडिओ यंत्र, लावतात. ट्रॅकच्या पोटात पुरलेली वायरची लूप तो ओळखते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ निघते. ट्रॅक डेला ही सोय बहुतेक वेळा नसते. म्हणून खिशातला फोन.

सुरुवात माउंटपासून, म्हणजे फोन धरणाऱ्या पकडीपासून, झाली. बाजारातला प्लास्टिकचा माउंट हँडलवर लावला की सिंगल सिलिंडर इंजिनाच्या कंपनानं फोनचा कॅमेरा गुरगुरायचा, व्हिडिओ पाण्यात बुडाल्यासारखा हलायचा. आप्पांनी तो माउंट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “ह्याला बफर कुठाय रे?” मागात शटल फेकणारी पिकिंग स्टिक इकडून तिकडं आदळते, तो धक्का खायला बफर असतो. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्यांनी उभा जन्म त्यातच काढलेला. मागच्या खोलीतल्या रबराचे तुकडे कापून, लेथवर बुश वळवून आम्ही खालच्या आणि वरच्या प्लेटमध्ये चार खांब बसवले, म्हणजे वरची प्लेट रबरावर तरंगती राहिली. खरं काम पुढंच होतं. रबर मऊ घेतलं की खड्ड्यात फोन डुलतो; कडक घेतलं की इंजिनाची सगळी थरथर सरळ वर जाते. चाळीस शोअर ते सत्तर शोअर (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) असं प्रत्येक रबर लावून होटगी रोडवर फेऱ्या मारल्या. आमचे जुने मिस्त्री फोन न बघता, नुसतं बोट प्लेटवर ठेवून सांगायचे, हे जास्त झालं, हे कमी झालं. त्यांचं बोट सहसा चुकलं नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलनं स्वतःच जाहीर केलं की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनानं आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. त्या नोटीसनंतर पुण्याहून, हैदराबादहून फोन सुरू झाले. जाहिरातीला आम्ही पैसा घातला नव्हता.

पण फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न माउंटचा नसायचा. “मोबाइलवर दाखवतोय तो टाइम खरा असतो का?” हे विचारायचे. याचं नीट उत्तर देता देताच आमचा धंदा माउंटवाल्याचा राहिला नाही.

उत्तर असं. साधा फोन सॅटेलाइटवरून आपली जागा सेकंदाला एकदाच सांगतो, नकाशावर एक ठिपका. ताशी 100 किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते. म्हणजे स्टार्ट-फिनिशची रेघ तुम्ही ओलांडता ती दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठंतरी, आणि ॲप, मग ते रेसक्रोनो असो की हॅरीज लॅपटायमर, त्या दोन ठिपक्यांवरून क्षण काढतं. वेग त्या सेकंदात एकसारखा असेल तर हिशोब चोख. गाडी ओढत असेल, समजा दर सेकंदाला वेग सेकंदाला 5 मीटरनं वाढतोय, तर चूक जास्तीत जास्त साठेक सेंटिमीटर. ताशी 108 ला ती सेकंदाचे दोन शतांश भरते. एवढी चालते. जोरात ब्रेक लागत असेल तर दुप्पट, शिवाय फोन आकडे गुळगुळीत करत बसतो ते वेगळंच. म्हणून आम्ही सांगतो : ॲपमधली रेघ ट्रॅकवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरच पाहिजे असा हट्ट धरू नका. सरळ रस्त्यावर, जिथं थ्रॉटल स्थिर असतो, तिथं ओढा. लॅप तेवढाच राहतो.

दुसरी शंका हमखास येते. मोकळ्या आभाळाखालीही फोनची जागा पाचेक मीटर इकडंतिकडं असते, मग वेळ कशी बरोबर येईल? येते, कारण ही चूक सावकाश सरकते. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, आपल्यासारख्यांना एका फेरीला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात चूक बरीचशी त्याच बाजूला राहते, आणि दोन वेळा वजा करताना निघून जाते. चूक रेघेला समांतर असेल तर तिचा त्रासच नाही. सेकंदाच्या एक-दोन दशांशांच्या आत साधा फोन बसतो, असा आमचा अनुभव. मात्र आपल्या फोनची तुलना आपल्याच फोनशी करा. शेजाऱ्याच्या फोनवर अर्ध्या दशांशानं जिंकल्याचे पेढे वाटू नका.

एक दशांशाचं महत्त्व आप्पांना पटेल असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, “मिनिटाला सव्वाशे पिक मारणारा माग असतो. अर्ध्या सेकंदात शटल ह्या टोकाचं त्या टोकाला. दशांश मोठा असतोय.”

फोन कमी पडतो तो वळणात. ताशी 60 नं घेतलेलं वळण तीन-चार ठिपक्यांत संपतं, त्यात तुमचा सर्वांत कमी वेग नेमका किती होता हे सांगायला ठिपकाच नसतो. वेळ कुठं गेली हे शोधायचं तर सेकंदाला 10 किंवा 25 वेळा जागा सांगणारा बाहेरचा रिसीव्हर ब्लूटूथवरून फोनला जोडावा लागतो. रेसबॉक्ससारखे रिसीव्हर 25 वेळा सांगतात, म्हणजे ताशी 100 ला दर 1.1 मीटरला एक ठिपका. आम्ही ते ठेवतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला विकत नाही. जो अजून दर फेरीला तीन सेकंद इकडंतिकडं करतोय त्याला मीटरमीटरचा हिशोब देऊन काय करायचं? टायरला पैसे घाला म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होतं, आणि वर्षभरानं परत येतं. सगळीच येत नाहीत, हेही खरं.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून आकडे बघत चालवणं आम्हाला मान्य नाही, आणि अनेक आयोजकही ते चालू देत नाहीत. बघायचं ते पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, येऊन. त्यातून आमची दुसरी वस्तू आली : सीटमागच्या टेलच्या खाली बसणारी कापडी पिशवी. टेल फायबरचं किंवा प्लास्टिकचं असेल तर सॅटेलाइटचा सिग्नल आरपार येतो. कार्बन फायबर त्याला अडवतं. हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं महागडं कार्बनचं टेल बसवलं आणि ॲपमध्ये त्याची बाइक पॅडॉकच्या छपरावरून पळताना दिसायला लागली. त्याला फक्त फोन वर, उघड्यावर आणायला सांगितलं.

पिशवी शिवतात पूर्व भागातल्या एक अक्का. त्यांचा मूळ धंदा शाळेचे गणवेश. आमच्या नकाशात तोंडाला चेन होती. अक्कांनी कापड मशीनखाली घ्यायच्या आधीच सांगितलं, “चेन नको भाऊ. धक्क्यानं उघडतंय. दोन्ही बाजूनं पट्टा द्या, वेल्क्रो रुंद घ्या.” दप्तरांच्या दुरुस्त्या करून त्यांना हे माहीत होतं. पट्टा दिला, आणि कोपऱ्यांना त्या स्वतःहून तिहेरी शिलाई मारतात.

उन्हाची परीक्षा घ्यायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. आयफोन वापरायला ॲपलनं सांगितलेली हवेची मर्यादा 35 अंश; आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळीस सहज ओलांडतो. गाडी दुपारी शेडबाहेर उभी करून, सायलेन्सर तापवून पिशवीत फोन ठेवला की तो आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि शेवटी हात टेकतो. उपाय दोन निघाले. ट्रॅकवर असताना चार्जिंग लावायचं नाही, कारण त्यानं फोन आतून तापतो. आणि पिशवीला चंदेरी अस्तर, पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला. ते वरून लावलं तर फोनला आभाळच दिसणार नाही.

प्रत्येक पार्सलमध्ये एक मराठी कार्ड जातं. बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर बरेच अँड्रॉइड फोन मधल्या फेरीत ॲप झोपवतात. डू नॉट डिस्टर्ब चालू करा. ट्रॅकवर जायच्या दहा मिनिटं आधी ॲप सुरू करून फोन उघड्यावर ठेवा. हे कार्ड वाचलेल्यांचे फोन आम्हाला कमी येतात.

विक्रीबद्दल थोडक्यात. मध्यंतरी एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर माल ठेवला होता. वापरून, चिखलासकट परत आलेले माउंट आमच्याच माथी मारले जायचे. ते बंद केलं. आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि कुरिअर, उधारी नाही. मागाचे बुश अजूनही करतो. कारखानदार आला तर लेथ आधी त्याची.

सध्या कार्टचा माउंट चालू आहे. कार्टला सस्पेन्शनच नसतं, त्यामुळं मोटारसायकलचं रबर तिथं टिकत नाही, खांब मुळातूनच फाटतात. मिस्त्रींनी खांब आखूड आणि जाड करून दिलेत, रबर 55 शोअरचं. कोल्हापूरचा एक मुलगा येत्या रविवारी ते ट्रॅकवर नेतोय. फाटलं नाही तर जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर पहिला लॉट काढू.