कर्ज फिटलं, पण सातबारा कोरा व्हायला बँकेचं पत्र मिळेना

अण्णांनी विहीर आणि पाइपलाइनसाठी काढलेलं मुदत कर्ज व्याजासकट फेडलं. शाखेने ‘नो ड्यूज’ दाखला हातात दिला आणि आता काही बाकी नाही असं तोंडी सांगितलं. पुढे माझ्या भावाने गोठ्यासाठी दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तेव्हा त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलांनी शोध अहवालात स्पष्ट लिहिलं की सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) कायम आहे, सबब ही जमीन तारण घेता येणार नाही.

सातबाऱ्यावर दोन नोंदी होत्या. एक विकास सोसायटीचा इकरार, म्हणजे सोसायटीच्या कर्जासाठी जमिनीवर लिहून दिलेला बोजा. सचिवांनी बेबाकीचं (काही बाकी नसल्याचं) पत्र लिहून दिलं, तो कमी झाला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी नोंद बँकेच्या नजरगहाणाची, म्हणजे ताबा न देता ठेवलेल्या गहाणाची. तिच्यासाठी मी पुण्याहून साताऱ्याकडे रजा टाकून टाकून गेले, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तलाठी भाऊसाहेबांनी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तलाठीच म्हणतात) दाखला वाचून लगेच परत दिला. त्यात फक्त कर्जखात्याचा नंबर होता. गट नंबर नाही, गावाचं नाव नाही, बोज्याचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) क्रमांक नाही. “ताई, हे पैसे फिटल्याचं झालं. कुठल्या जमिनीवरचा बोजा उतरवायचा ते बँकेनं मला लिहून द्यायला पाहिजे,” असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना फेरफार ओढायला आधार लागतो, आणि तो आधार फक्त बँक देऊ शकते.

बँकेत मात्र कुणी ते पत्र द्यायला तयार नव्हतं. काउंटरवर सांगितलं, दाखला दिलाय की, अजून कसलं पत्र? मॅनेजर म्हणाले, आमच्याकडे असा नमुना नाही. नमुना मी घरून टाइप करून नेला, तर तो विभागीय कार्यालयात मंजुरीला पाठवला. तिथून काही येईना. विचारायला गेलं की साहेब मीटिंगला, साहेब वसुलीला. अण्णा ७४ वर्षांचे. एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाला त्या बाकावर तासन् तास बसवलेलं मला सहन झालं नाही.

त्यात भर बँकेच्या नावाची. १ एप्रिल २०२० ला १० सरकारी बँकांच्या ४ झाल्या, त्यात आमची बँक दुसरीत विलीन झाली. सातबाऱ्यावर जुन्या बँकेचं नाव, लेटरहेड नव्या बँकेचं. अखेर पत्र आलं त्यात जुन्या नावाचा उल्लेखच नव्हता. भाऊसाहेबांनी ते घेतलं नाही आणि पुन्हा तोच रस्ता.

मग मी लेखी अर्ज केला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतली. अर्जात दोन गोष्टी घातल्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ६०. गहाणाची रक्कम फेडली की गहाण ठेवणाऱ्याला आपले कागद परत मागण्याचा आणि गहाण संपल्याचं लेखी घेण्याचा हक्क त्यात आहे. दुसरं, रिझर्व्ह बँकेचं वैयक्तिक कर्जांबाबतचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा हटवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत करायची वेळ येते त्यांच्यासाठी ते काढलं होतं. ते वैयक्तिक कर्जांचं असल्याने अण्णांच्या शेतीकर्जाला लागू होतंच असं नाही, तरी मी त्याचा दाखला दिला. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, हेही शेवटी लिहिलं. त्यानंतर पत्र हललं. भरपाईचा पैसा मिळाला नाही, पण हवं तसं पत्र मिळालं, आणि ते हातात घेताना मला खरोखर अभिमान वाटला.

पत्रात काय असावं ते सांगते, कारण सगळं इथेच अडतं. खातेदाराचं पूर्ण नाव, गाव, तालुका, गट नंबर, बोज्याची रक्कम, बोजा चढवल्याचा फेरफार क्रमांक, ‘पूर्वीची अमुक बँक, आता तमुक बँक’ असा उल्लेख, आणि ‘सदर बोजा कमी करण्यास आमची हरकत नाही’ हे वाक्य. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. विलीनीकरणाच्या अधिसूचनेची प्रत मी स्वतःच सोबत जोडली.

पुढचं सोपं गेलं. ई-हक्क या महसूल विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज, पत्र अपलोड, मग फेरफार, नोटिशीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण. फेरफार कुठवर आलाय ते ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं, त्यासाठी गावी जाऊ नका.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमचं गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तर नुसतं पत्र चालणार नाही, मुक्ततेचा दस्तही तिथेच नोंदवून घ्या. आमचं तसं नव्हतं. शहरातल्या गृहकर्जात बहुधा मूळ खरेदीखत बँकेकडे ठेवून गहाण होतं आणि त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची सूचना) निबंधकाकडे दाखल असते. तिथे मूळ कागद ताब्यात घेताना यादीशी एकेक पान जुळवून बघा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि भरणा पावतीसुद्धा.

कर्ज एक असलं तरी बोजा एकाहून जास्त गटांवर चढवलेला असू शकतो. आमच्या ओढ्याकाठच्या लहान तुकड्यावरही तो होता. म्हणून बँकेत जायच्या आधी आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या गटांची यादी असलेला उतारा) काढा, त्यावरच्या प्रत्येक गटाचा सातबारा बघा आणि सगळे गट एकाच पत्रात लिहून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो.