ऊसतोडीचा हंगाम आणि जानेवारीत संपणाऱ्या गोळ्या

एचआयव्हीचं काम एकट्या आरोग्य खात्याचं नाही, हे कागदावर केव्हाच ठरलंय. २००५ साली पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय एड्स परिषद नेमली गेली, तिच्यात ३१ मंत्रालयं होती. जिल्ह्यातही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तरी इतर खात्यांचा वाटा बहुतेक वेळा १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या रॅलीपुरताच राहतो. 'जनजागृतीसाठी काय करणार?' असं विचारलं की प्रत्येक खातं पोस्टर छापून मोकळं होतं. विचारायचं ते असं : तुमच्या खात्याच्या रोजच्या कामामुळे कुणाची एचआयव्हीच्या औषधाची गोळी घ्यायची राहते का?

२०२१च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यातले जवळजवळ ३.९४ लाख महाराष्ट्रात. हा आकडा राज्यांमध्ये सर्वात मोठा. म्हणून इथलंच उदाहरण घेऊ, ऊसतोडीचं. ऊसतोड मजुरांत लागण जास्त असते असं मला सुचवायचं नाही. स्थलांतरात उपचार कसा तुटतो, ते इथे स्वच्छ दिसतं एवढंच.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. औषध साधं आहे : टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, रोज एक, बाटलीत ३०. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, फुकट मिळतं. प्रकृती स्थिर असलेल्या पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या, म्हणजे तीन बाटल्या एकदम देता येतात. पण हंगाम पाच-सहा महिन्यांचा. ऑक्टोबरात निघालेल्याची शेवटची बाटली जानेवारीत रिकामी होते, नेमकी गाळप जोरात असताना. केंद्र जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, आणि एक दिवस फड सोडला की खाडा, म्हणजे गैरहजेरी. खाड्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबातून कापले जातात. शिवाय मुकादमाला, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला, कारण सांगावं लागतं, आणि तेच तर सांगायचं नसतं. मग गोळ्या थांबतात, विषाणू वाढायला लागतो, आणि हे कळतं गावी परतल्यावर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासलं तर. एका मिलिलीटरमागे १,००० प्रतींच्या वर आकडा गेला की समुपदेशन, पुन्हा तपासणी, कदाचित औषधबदल.

यात आरोग्य खात्याच्या हातात आहे ते आधी पाहू. ऑगस्ट-सप्टेंबरातच समुपदेशकाने प्रत्येक पेशंटला विचारावं : यंदा कोयता घेणार, म्हणजे ऊसतोडीला जाणार का, कोणत्या कारखान्यावर, सोबत कोण? कारखान्याजवळचं एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र (मोठ्या केंद्राला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) तेव्हाच ठरवून तिकडे फोन करावा, आणि पेशंटच्या हातात उपचाराची चिठ्ठी द्यावी. नुसतं 'तिकडे जा' म्हटलं तर नव्या केंद्राकडे नोंद नसते, जुन्या केंद्राच्या वहीत माणूस गैरहजर दिसतो आणि दोघांनाही वाटतं की तो दुसऱ्याकडे आहे. क्षयाचं औषधही चालू असेल तर जास्तच जपायला हवं. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे रक्तातलं डोल्युटेग्राविर कमी पडतं, म्हणून त्याची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. क्षयाच्या गोळ्या एका ठिकाणी आणि ही दुसऱ्या ठिकाणी मिळत असेल, तर ही जादा गोळीच आधी सुटते.

गरोदर बाईचं तसंच. तपासणी गावच्या उपकेंद्रात झाली, बाळंतपण कारखान्याच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत. बाळाला जन्मल्यापासून औषध सुरू करायचं असतं आणि सहाव्या आठवड्यात त्याची एचआयव्ही तपासणी. गावच्या आशाताईने कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला कळवलं नसेल, तर या दोन्ही तारखा निघून जातात.

बाकीचं आरोग्य खात्याच्या हाताबाहेर आहे. कारखान्याने तळावर महिन्यातून ठरलेल्या दिवशी सगळ्यांसाठी आरोग्य तपासणी ठेवावी : रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्षय, गरोदर तपासणी, आणि त्यातच एचआयव्ही. फक्त एचआयव्हीचं शिबिर लावलं तर रांगेत कोणी उभं राहत नाही. त्या दिवसाचा खाडा माफ, हे कारखान्याने मुकादमाशी करारात लिहून घ्यावं. मुकादमाकडून नावांची यादी मागवणं किंवा त्याला यादी देणं, हे मात्र कधीही नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला, संमतीशिवाय तपासणी आणि ओळख उघड करणं दोन्ही रोखलं आहे. त्याच कायद्यात शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. पण तोडणी मजूर मुकादमाच्या हाताखाली, कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्यामुळे तळावरचा माणूस त्या अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही. ही फट कामगार आणि साखर खात्यानेच बुजवायची आहे.

महसूल खात्याचं काम याहून सोपं. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधित बसतात, महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसीलला जातो, तालुका समितीसमोर नावं वाचली जातात, आणि आजाराचा रकाना सगळ्यांना दिसतो. लोक या एका रकान्यापायी अर्ज करत नाहीत. समितीपुढच्या यादीत नुसतं 'दुर्धर आजार' लिहावं आणि मूळ दाखला बंद पाकिटात तहसीलदाराकडे ठेवावा. याला एक पैसा लागत नाही. एसटीच्या सवलतीलाही हेच लागू : वाहकाला दाखवायच्या कार्डावर आजाराचं नाव कशाला?

पैशाचं म्हणाल तर जिल्हा वार्षिक योजनेची राज्यस्तरीय बैठक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते. म्हणजे तळावरच्या तपासणीचा प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच नियोजन अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा. तो नावीन्यपूर्ण योजनेत, म्हणजे नव्या प्रयोगांसाठी राखलेल्या निधीत, टाकला तर एक वर्ष निघतं, पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरायचे. म्हणून खर्च खात्याच्या नेहमीच्या लेखाशीर्षात (दरवर्षीच्या खर्चाच्या खात्यात) बसवायला भांडावं. आणि जिल्हा समितीच्या तिमाही बैठकीत 'किती कार्यशाळा झाल्या' हा तक्ता बंद करून दोनच आकडे मागावेत : ऑक्टोबरात निघालेल्यांपैकी जानेवारीत किती जणांनी गोळ्या उचलल्या, आणि मेपर्यंत किती जणांचा व्हायरल लोड तपासून झाला. पहिला आकडा पडला तर उत्तर साखर आणि कामगार खात्याने द्यायचं, दुसरा पडला तर आरोग्य खात्याने.