गोदीखालचे रान

आमच्या वडाळ्याच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि माती परीक्षण करणारी माणसे लोखंडी तिपाई, पंप आणि पाण्याची पिंपे घेऊन आवारात आली. दुपारी बाकीचे सभासद वर पंख्याखाली बसून कार्पेट एरियाचा हिशेब करत असताना मी जिन्याखाली ठेवलेले नमुने न्याहाळत होतो. खडकाच्या गोल कांड्या लाकडी खोक्यात ओळीने लावलेल्या होत्या आणि शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती होती, प्रत्येकीत खोली लिहिलेली चिठ्ठी. सर्वांत वरच्या पिशवीत भरावातले विटांचे तुकडे होते. त्याखालच्या पिशवीत काळानिळा, लोण्यासारखा मऊ गाळ होता आणि त्यात कालवाचे एक अखंड शिंपले, आतल्या बाजूने अजून चकचकीत. तिथला मुकादम म्हणाला, "काका, ह्या मातीत काही दम नाही. पाइल खाली खडकापर्यंत न्यावी लागणार."

इमारतीचे वजन पेलण्याचा दम त्या गाळात नसेलही, पण जुनी पाणीपातळी सांगण्याच्या बाबतीत त्याच्याइतका विश्वासू कारकून दुसरा नाही. कालवे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढतात, तिवरांचे परागकण खाजणाच्या चिखलात साठतात, आणि फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात, तर काही उघड्या समुद्रातच आढळतात. गाळाच्या थरांत खालून वर जाताना ही मंडळी कोणत्या क्रमाने बदलत गेली हे पाहिले आणि शिंपल्यांचे किरणोत्सारी कार्बनवरून वय काढले, की त्या जागी खारे पाणी कधी आले आणि किती वर चढले याचा अंदाज बांधता येतो.

माझे वडील गोदीत नोकरीला होते. एकदा ते मला प्रिन्सेस डॉक दाखवायला घेऊन गेले, आणि तेलाचे तवंग तरंगणाऱ्या त्या पाण्याकडे बोट करून म्हणाले, "इथे खाली रान होतं, खैराचं." घरी आल्यावर मी आजीला विचारले, की तिच्या पानातला काथ खैराचाच असतो, तर तो तिथून का काढत नाहीत? अडकित्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "खारट लागेल मेला."

रानाची गोष्ट मात्र खरी होती. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली, चिकट मातीच्या जाड थराखाली ३८२ झाडे सापडली आणि त्यांपैकी २२३ उभीच होती. उभी असण्यालाच सारे महत्त्व आहे. आडवे खोड पुरात वाहून आले असे म्हणता येते, पण मुळे मुरमात रोवून उभे असलेले झाड तिथेच वाढलेले असते; आणि खैर हे काही खाऱ्या पाण्यात पाय सोडून वाढणारे झाड नव्हे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवल्याची कथा आपल्याला तोंडपाठ असते. समुद्र आत आल्याची ही हकीकत मात्र मला बाबांखेरीज कोणी सांगितली नाही.

खरे तर त्याचे आत येणे फार मोठे होते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बरेचसे पाणी जमिनीवरच्या अफाट बर्फाच्या थरांत अडकले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरची उथळ समुद्रबूड जमीन अतिशय रुंद असल्यामुळे तेव्हाचा किनारा पार पश्चिमेला असणार. तिकडे सुमारे ९० मीटर खोलीवर फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचे विस्तीर्ण पठार आहे, आणि त्या बाजूच्या तळावर चुन्याचे गोल कण मिळतात, जे एरवी उथळ, उबदार, खळबळत्या पाण्यात तयार होतात. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला, नद्यांची मुखे बुडून खाड्या झाल्या आणि त्या सावकाश गाळाने भरत राहिल्या.

एवढ्यावर थांबले असते तर सोपे होते. पण कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट होऊन बनलेला करळ नावाचा दगड असतो, आणि तो काही ठिकाणी आजच्या भरतीच्या रेषेच्याही वर सापडतो. म्हणजे मधल्या काळात पाणी आजच्याहून वर होते, किंवा तिथली जमीन उचलली गेली. गोदीतल्या झाडांबद्दलही तोच पेच आहे, की पाणी चढले की जमीन खचली. गाळ फक्त दोघांमधले अंतर सांगतो, कोण हलले ते सांगत नाही, आणि मला त्याचा हा काटेकोरपणा आवडतो.

त्यात आता आपणही भर घातली आहे. प्रिन्सेस डॉक अलीकडे कंटेनर ठेवण्यासाठी बुजवून टाकला. पुढे कधी कोणी तिथे भोक पाडले, तर त्याला खाली मुरूम, वर गोदीतला खारा गाळ आणि त्याच्यावर एकदम कोरडा भराव मिळेल. समुद्र अचानक मागे हटला असे त्याने लिहिले, तर लिहो बापडा.