वाळवंटातली खाण-रेल्वे आणि सांध्यावर अडणारं इंजिन : माझा अनुभव

नॅरोगेज मॉडेल रेल्वे करायची आणि तीही वाळवंटातल्या खाणीची, हे ठरवायला वेळ लागला नाही. 1:48 प्रमाण घेतलं, दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मि.मी. हा गेज मुळात एचओ या लोकप्रिय मॉडेल-प्रमाणाचा, म्हणून रूळ आणि चाकं सहज मिळतात. 1:48 मध्ये तो खऱ्या रेल्वेच्या सुमारे 31 इंचांएवढा भरतो, त्यामुळे 30 इंची रेल्वे म्हणून खपून जातो. या प्रकाराला ओएन30 म्हणतात. फळी, वळणं, तारा सगळं भराभर झालं.

अडलं ते सांध्यावर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवतात त्या जागी, आणि त्याचा राग अजून आहे.

माझं इंजिन चारच चाकांचं, रुळांतली वीज चाकांवाटे घेणारं. सरळ रुळावर मुंगीच्या चालीनं छान जायचं, सांध्यावर आलं की गप्प. बोटानं ढकललं की पुन्हा सुरू. रूळ पुसले, चाकं पुसली, तारा तपासल्या. सांध्याच्या खोक्यावर ‘वापरायला तयार’ एवढंच लिहिलेलं. आतल्या पत्रकात जोडणीची चित्रं होती. पण रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, म्हणजे फ्रॉग, प्लास्टिकचा आहे आणि तिथे वीज नसते, याबद्दल एक अक्षर नाही! दुकानदाराला विचारलं तर त्यानं भलंमोठं इंजिन भरधाव पळवून दाखवलं. “बघा, जातंय की!” जाणारच. मोठ्या इंजिनाची काही चाकं कायम विजेवर असतात, आणि वेगात छोटंही पार होतं. पण खनिजाच्या वाघिणी ओढणारं इंजिन रांगतच जायला हवं, मजा त्यातच आहे. एक चाक फ्रॉगवर आणि दुसरं केसभर उचललेलं, की वीज तुटली.

उपाय धातूच्या फ्रॉगचा सांधा. फ्रॉगपासून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना वीज तोडणारे प्लास्टिकचे जोड द्यायचे, आणि फ्रॉगची वीज सांध्याबरोबर हलणाऱ्या छोट्या स्विचमधून घ्यायची. सांधा फिरला की फ्रॉगला मिळणाऱ्या विजेची बाजूही बदलते. सगळं जोडून इंजिन अगदी सावकाश सोडलं आणि ते न थांबता पार झालं, तेव्हा मी खोलीत एकटाच ओरडलो.

हे सगळं वाळू टाकण्याआधी करा. नंतर सांधा उखडणं म्हणजे शिक्षा. वाळूवरून आठवलं : खरी वाळू वापरणार असाल तर आधी तिच्यातून चुंबक फिरवा. लोहकण राहिले तर मोटरच्या चुंबकाला चिकटतात. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ डिंक जपून, नाहीतर पाती जाम होतात.

आणि हो, एचओचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, या प्रमाणात बारीक आणि दाट दिसतात. याच गेजचे पण मोठ्या, विरळ स्लीपरचे, ओ-16.5 म्हणून मिळणारे रूळ घ्या, किंवा स्लीपर वाळूत अर्धे बुजवा. वाळवंटात ते खरंही वाटतं.

नमुना हवा असेल तर कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीजवळच्या रायन या खाणगावाचे जुने फोटो बघा. तिथल्या बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) खाणींतून 24 इंची ‘बेबी गेज’ डोंगराच्या कडेकडेनं यायची, आणि खाली 3 फुटी डेथ व्हॅली रेलरोड 1914 ते 1931 चालली. दोन गेज एकाच ठिकाणी. माझ्या फळीवरची पुढची जागा मी त्यासाठीच राखून ठेवली आहे.