आमची वाटचाल : मिक्स्चरच्या स्क्रूपासून इसीयूच्या मॅपपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या कामाची सुरुवात कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, दुरुस्तीने झाली. त्या काळी ॲव्हरेज वाढवायचे म्हणजे मिक्स्चरचा स्क्रू हलकेच फिरवून इंजिन लीन करायचे, म्हणजे मिश्रणातले पेट्रोल कमी करायचे, आणि प्लग काढून रंग पाहायचा : काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, तपकिरी असेल तर काम जमले. २००० च्या सुमारास एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्या सर्रास येऊ लागल्या, तो स्क्रूच गेला आणि पेट्रोल किती सोडायचे हे इसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवू लागला. ग्राहकाचा प्रश्न मात्र तोच राहिला, लिटरला किती जाते? म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन इसीयूच्या आतले तक्ते, म्हणजे मॅप, वाचायला शिकलो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. त्याहून जास्त हवेवर इंजिन चालवले तर पेट्रोल वाचते, हे खरेच आहे. महामार्गावर सपाटीला एका वेगाने जाणाऱ्या गाडीला ताकद थोडीच लागते, त्यामुळे थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जेमतेम उघडा असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच पिस्टनची शक्ती खर्च होते. मिश्रण लीन केले की तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो, हवा ओढण्याचा भार हलका होतो आणि ज्वलन थंड झाल्याने सिलिंडरच्या भिंतींतून वाया जाणारी उष्णताही घटते. होंडाच्या १९९२ च्या अमेरिकी सिव्हिक व्हीएक्समध्ये ही लीन-बर्नची सोय कारखान्यातूनच होती. कमी आरपीएमवर प्रत्येक सिलिंडरचा एक इनटेक व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेला राही, आत येणारे मिश्रण भोवऱ्यासारखे फिरे आणि एक किलो पेट्रोलला २० किलोहून जास्त हवा असलेले मिश्रणही नीट पेट घेई.

साध्या इंजिनात हे कुठवर जमते, ते आम्ही चाचणीसाठी ठेवलेल्या जुन्या गाडीवर करून पाहिले. नुसत्या तक्त्यात पाच टक्के पेट्रोल कमी केल्याने काहीच साधत नाही, कारण धुरातला ऑक्सिजन पाहणारा गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या अलीकडे-पलीकडे काय आहे एवढेच सांगतो. तो लीन म्हणाला की इसीयू काही क्षणांत तेवढेच पेट्रोल परत वाढवतो आणि स्क्रीनवर ट्रिम (तक्त्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल दिले तो आकडा) अधिक पाचावर जाऊन बसतो. त्यामुळे आम्ही नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला, फक्त हलक्या भाराच्या पट्ट्यात क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून इसीयूने पेट्रोल बदलणे) बंद केला आणि लीन मिश्रण सावकाश जळते म्हणून ठिणगी काही अंश आधी आणली. १६ ला इंजिन गोड चालत होते. १८ ओलांडताच स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवू लागली, सायलेन्सरमधून मधूनच फुसका आवाज येऊ लागला आणि मिसिंगमुळे (मधेच मिश्रण न पेटल्याने) न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडून सेन्सरचा आकडा उड्या मारू लागला.

अडचण नेमकी त्या गोड वाटणाऱ्या १६ पाशी आहे. तिथे ज्वलन अजून चांगलेच तापलेले असते आणि ऑक्सिजनही शिल्लक असतो, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइड्स सर्वाधिक तिथेच तयार होतात. आणि धुरातले घातक वायू मोडणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिश्रण १४.७ हून लीन झाले की ती नीट मोडू शकत नाही. याच ऑक्साइड्समुळे सिव्हिक व्हीएक्सची कॅलिफोर्नियातील आवृत्ती लीन-बर्नशिवाय विकली गेली. आपल्याकडे भारत स्टेज चार या प्रदूषण-नियमांपासून पेट्रोल गाडीच्या पीयूसीत लॅम्डा (हवेचे प्रमाण; १ म्हणजे नेमके १४.७) ०.९७ ते १.०३ च्या आतच असावा लागतो. ग्राहकाचे चार पैसे वाचावेत म्हणून तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात सोडणे आम्हाला मान्य नाही. म्हणून कन्व्हर्टर असलेली रस्त्यावरची गाडी आम्ही लीन करत नाही आणि सेन्सरला खोटा सिग्नल देणारी डबी तर कोणी कितीही आग्रह केला तरी बसवत नाही. यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले, ते जाऊ दिले.

पेट्रोल वाचवायला बाकी पुष्कळ जागा आहेत. ट्रिम सतत अधिक बारा-पंधरा दाखवत असेल तर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचे गास्केट कुठेतरी हवा ओढत असते, किंवा पंपाचा दाब उतरलेला असतो. सेन्सर म्हातारा होऊन सुस्तावला की इंजिन महिनोन्‌महिने रिच (जास्त पेट्रोलवर) चालते आणि दिवाही लागत नाही. हे दोष काढून, हलक्या भारावर ठिणगीचे टायमिंग नॉकिंगच्या (इंजिन ठोके देण्याच्या) आत नीट बसवले की मिळणारा फरक गाडीला आणि हवेला दोघांनाही सोसतो. सध्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवरून ॲव्हरेज घटल्याच्या तक्रारी जास्त येतात. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्यात लिटरमागे ऊर्जाच सुमारे ६ ते ७ टक्के कमी असते आणि ती कोणत्याही मॅपने भरून निघत नाही, हे आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो.

लीन-बर्नचे काम आता आम्ही फक्त इंधनबचतीच्या स्पर्धांसाठी बंद ट्रॅकवर धावणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या एक-सिलिंडर गाड्यांवर करतो. रस्त्यावरची गाडी तपासणीला आणणाऱ्यांनी ती सकाळी थंड इंजिनाने आणावी, टाकी किमान अर्धी भरलेली असावी आणि आधी कोणी मॅप बदललेला असल्यास त्याची मूळ फाइल सोबत आणावी.